खबऱ्याचं नाव आणि तीस तास

प्रश्न : मुलीला शिवाजी विद्यापीठात इतिहासात पीएच.डी. करायची आहे, विषय साताऱ्याचं प्रतिसरकार, म्हणजे १९४० च्या दशकातलं ब्रिटिशांविरुद्धचं समांतर सरकार. त्यासाठी संशोधन-नीतीचा अभ्यासक्रम सक्तीचा आहे. प्रामाणिकपणा असा वर्गात बसवून येतो का? आणि उद्या हीच नीती पुढे करून ‘हे लिहू नका’ असं तिला सांगणार नाहीत कशावरून?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : येत नाही. पण उचलेगिरी कशाला म्हणतात, हे एकदा कुणीतरी सांगितलेलं बरं. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत : प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, साठाच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. पाठोपाठ डिसेंबर २०१९ मध्ये दोन क्रेडिटचा, तीस तासांचा हा अभ्यासक्रम आला. त्यातला बहुतेक वेळ जातो तो नियतकालिकं, डेटाबेस, एच-इंडेक्स यांत. तुमच्या मुलीची खरी अडचण या टक्केवारीत बसणारी नाही.

समजा, ती प्रतिसरकारचं केंद्र असलेल्या कुंडल भागात एखाद्या आजींकडे गेली. चहा झाला, फोन रेकॉर्डिंगला लावला, आणि बोलता बोलता आजी म्हणाल्या, “त्यो अमका खबऱ्या हुता, त्याला पत्री मारली.” (पत्री म्हणजे तळपायांवर मारण्याची प्रतिसरकारची शिक्षा.) त्या अमक्याचा नातू त्याच आळीत राहतो, कदाचित मघाशी घर त्यानंच दाखवलं असेल. आता? संमतीपत्रावर आजींची सही आहे, नातवाची नाही. शिवाय आरोप खरा होता की भाऊबंदकीतून आला, हे ऐंशी वर्षांनी कोण सांगणार?

कासेगावात राहून समाजशास्त्रज्ञ गेल ऑम्व्हेट यांनी प्रतिसरकारवर लिहिलं. त्यांच्या सासूबाई इंदुताई पाटणकर स्वतः त्या चळवळीतल्या. असा घरचा विश्वास छापील फॉर्मवर मिळत नाही. (फॉर्म इंग्रजीत असेल तर विचारूच नका. कोऱ्या कागदावर अंगठा घेणारे सावकार या मुलखानं पाहिलेत.)

तुमची दुसरी शंका मला जास्त रास्त वाटते. ‘नातवाला त्रास होणार नाही असं लिही’ हा नीतीचा सल्ला झाला. ‘गावात तेढ वाढेल, विषयच बदल’ ही बंदी झाली. दोन्ही एकाच टेबलावरून, एकाच मऊ आवाजात येऊ शकतात. मार्च २०१९ मध्ये केरळच्या केंद्रीय विद्यापीठानं ‘राष्ट्रीय प्राधान्या’ला धरूनच पीएच.डी.चे विषय द्यावेत असं परिपत्रक काढलं. निषेध म्हणून प्राध्यापक मीना पिल्लई यांनी तिथल्या अभ्यासमंडळाचा राजीनामा दिला. तिथे नीतीचं नावसुद्धा घ्यावं लागलं नव्हतं. तेव्हा अभ्यासक्रमाची भीती नको. संशोधन कसं करणार हे सोडून कशावर करणार यात विद्यापीठाची समिती शिरली, की कान टवकारा.

मुलीला एवढं सांगा : आजींनी ‘बंद कर’ म्हटलं की फोन बंद. प्रबंधात त्या माणसाचं नाव बदलायचं आणि बदललंय हे तळटीपेत कबूल करायचं. घटना मात्र गाळायची नाही. मूळ ध्वनिमुद्रण कुणाला आणि कधी ऐकू द्यायचं, हे आजींनाच विचारून ठरवायचं. आणि विषयच नाकारला, तर कारण लेखी मागायचं, तारखेसह.