बलाढ्यांच्या बाजारात लहान उद्योग

संगणक आणि इंटरनेट यांच्या व्यवसायात मोठ्या कंपनीला अधिक मोठे होण्याची सोय जणू उपजतच असते. एकदा तयार केलेली आज्ञावली आणखी एका ग्राहकाला पुरविण्यास फारसा खर्च येत नाही. ग्राहक वाढले की माहिती व पैसा वाढतो आणि त्यांच्या बळावर पुन्हा ग्राहक वाढतात. या चक्रापुढे अल्प भांडवलाच्या उद्योगाने टिकावे कसे? पुण्यातील क्विक हील या कंपनीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

मूळचे सातारा जिल्ह्यातील असलेले कैलाश काटकर यांचे शालेय शिक्षण दहावीपर्यंतच झाले. पुण्यात गणकयंत्रांच्या दुरुस्तीचे काम शिकून त्यांनी स्वतःचे दुकान काढले व पुढे ते संगणकही दुरुस्त करू लागले. दुरुस्तीस येणाऱ्या अनेक यंत्रांचा बिघाड यांत्रिक नसून विषाणूंमुळे झालेला असे. त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी संगणकशास्त्राचे शिक्षण घेत असताना अशा विषाणूंचा नायनाट करणाऱ्या आज्ञावल्या लिहिल्या. त्यांतूनच १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आले.

त्या वेळी या क्षेत्रात नॉर्टन आणि मॅकॅफी ही अमेरिकी नावे सर्वमान्य होती. भांडवलात वा जाहिरातीत त्यांच्याशी बरोबरी करणे काटकर बंधूंना शक्य नव्हते. परंतु विषाणूनाशकाचे कार्य कसे चालते हे पाहिल्यास त्यांचे बळ कशात होते ते कळते. अशी आज्ञावली प्रामुख्याने ज्ञात विषाणूंच्या खुणा फायलींमध्ये शोधते. म्हणून नव्या विषाणूचा नमुना हाती येणे ही पहिली गरज होय. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागले. तोपर्यंत, आणि नंतरही काही काळ, विषाणू मुख्यतः फ्लॉपीवरून पसरत. बाधित यंत्र प्रथम दुरुस्तीच्या दुकानात येई, आणि दुकान तर काटकरांचेच होते. पुढे विक्रीसाठीही संगणक जोडणारे व दुरुस्त करणारे स्थानिक व्यावसायिकच उपयोगी पडले, कारण ग्राहकाचा विश्वास त्यांच्या शब्दावर होता.

तथापि, एकदा मिळविलेले स्थान कायमचे नसते. मायक्रोसॉफ्टने २००९ मध्ये विनामूल्य विषाणूनाशक उपलब्ध केले आणि २०१२ च्या विंडोज ८ पासून ते मूळ प्रणालीतच अंतर्भूत केले. जी वस्तू विकावयाची तीच बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने फुकट द्यावी, याहून कठीण प्रसंग लहान उद्योगावर क्वचितच येतो. मात्र घरगुती यंत्राचे रक्षण आणि शेकडो यंत्रे असलेल्या कार्यालयाचे रक्षण ही दोन भिन्न कामे आहेत. दुसऱ्या कामात देखरेख, सल्ला व अडचणीच्या वेळी धावून येणारे माणूस लागते. क्विक हीलने २०१५ मध्ये संस्थांसाठी सेक्राइट हे स्वतंत्र नाव पुढे आणले. फेब्रुवारी २०१६ मध्ये कंपनीच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली.

यावरून लहान उद्योग मोठ्याला हटवू शकतो असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. नॉर्टन व मॅकॅफी नाहीसे झाले नाहीत आणि मायक्रोसॉफ्टचे सामर्थ्य तर वाढलेच. लहान उद्योग टिकतो तो मोठ्याची नक्कल करून नव्हे, तर दुरून न दिसणारी गरज जवळून पाहून. आणि ती गरज बदलली की स्वतःही वेळीच बदलून.