ओंजळभर आनंद

प्रस्तावना

‘अलीकडे तुम्हांला कशाकशाने आनंद झाला?’ असे कोणी विचारले, तर बहुतेक जण क्षणभर गोंधळतात. लग्नकार्य, नवे घर, परीक्षेतील यश असे मोठे प्रसंग चटकन आठवतात. परंतु ते आयुष्यात मोजकेच येतात. उरलेले दिवस कामाधामात सरतात. त्या दिवसांतही सुखाचे लहान लहान क्षण असतात. मात्र त्यांची दखल घेतली जातेच असे नाही. प्रस्तुत पाठात अशा क्षणांचा विचार केलेला आहे.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• लहान आनंदाचे स्वरूप व महत्त्व स्पष्ट करता येईल;
• निसर्ग, लोकगीते व साहित्य यांतील अशा आनंदाची उदाहरणे देता येतील;
• स्वतःच्या अनुभवावर नेमक्या शब्दांत परिच्छेद लिहिता येईल.

मूळ पाठ

१. मातीचा गंध

वैशाखाच्या उन्हाने जमीन भाजून निघालेली असते. अशा वेळी वळवाचा पहिला शिडकावा होतो आणि मातीला गंध सुटतो. हातातले काम टाकून माणसे दारात येतात. या गंधाला मराठीत ‘मृद्गंध’ म्हणतात. इझाबेल जॉय बेअर व रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी १९६४ साली त्याला ‘पेट्रिकोर’ हे नाव दिले. कोरड्या दिवसांत माती व दगड यांत साठलेला तेलकट अंश ओलावा मिळताच गंधरूपाने बाहेर पडतो, असे त्यांनी दाखवून दिले. मातीतील सूक्ष्म जीवाणू निर्माण करतात ते ‘जिऑस्मिन’ हे द्रव्यही या गंधाला कारणीभूत असते. ते हवेत अत्यल्प असले, तरी माणसाच्या नाकाला ओळखू येते.

उत्तर प्रदेशातील कनौज येथील कारागिरांनी तर हा गंध कुपीत भरून ठेवला आहे. भाजलेल्या मातीचा अर्क काढून ते ‘मिट्टी अत्तर’ तयार करतात. कुपीतल्या गंधाला मोल पडते. पहिल्या पावसातला गंध मात्र झोपडीला आणि माडीला सारखाच मिळतो.

२. जात्यावरची ओवी

पहाटेच्या अंधारात जाते ओढणे हे मोठ्या कष्टाचे काम होते. गावोगावी पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वी ते बहुधा स्त्रियांच्याच वाट्याला येई. जात्याच्या घरघरीबरोबर त्या ओव्या गात. हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. भाऊ भेटीस आला, माहेरची वाट दिसली, लेकरू अंगणात खेळले, अशा साध्या गोष्टींचे सुख त्या ओव्यांत आहे. त्याच ओव्यांत सासुरवासाचे व न संपणाऱ्या कष्टांचे दुःखही आहे. गाणारीने एकासाठी दुसरे लपवले नाही.

जळगावजवळच्या असोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात व घरात राबताना त्यांना गाणी सुचत. सुगरण पक्ष्याचे घरटे, पेरणी, घरातले जाते हे त्यांच्या नित्याच्या पाहण्यातले विषय. ती गाणी इतरांनी लिहून ठेवली, म्हणून टिकली. पुत्र सोपानदेव यांच्या पुढाकाराने १९५२ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. दुर्गा भागवत यांच्या ‘ऋतुचक्र’ (१९५६) या पुस्तकातही बारा महिन्यांत झाडे, फुले व आकाश यांत होणारे बदल मोठ्या जिव्हाळ्याने टिपलेले आहेत. एक निरक्षर कष्टकरी स्त्री आणि एक विदुषी. पण दोघींच्याही अंगी रोजच्या गोष्टीकडे थांबून पाहण्याची वृत्ती होती.

३. मनाचा सराव

सुखद गोष्ट रोजची झाली, की मन तिला सरावते. घरात नळ आला त्या दिवशी पेढे वाटले जातात. महिन्याभरात नळाकडे कोणाचे लक्षही जात नाही. उलट, नळ एक दिवस कोरडा राहिला, तर ते दिवसभर मनात खुपते. म्हणूनच आनंदाची नोंद हेतुपूर्वक घ्यावी लागते.

रॉबर्ट इमन्स व मायकेल मॅकुलो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध केले. त्यातील एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाला दर आठवड्याला, ज्यांबद्दल कृतज्ञता वाटते अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिण्यास सांगितले. दुसऱ्या गटाला त्रासदायक गोष्टी लिहिण्यास सांगितले. दहा आठवड्यांच्या या प्रयोगात पहिल्या गटाला आपले आयुष्य अधिक समाधानाचे वाटले. अशा नोंदींनी संकट टळत नाही. परंतु संकटाबरोबर आणखी काय आहे, तेही दिसू लागते.

४. समाधान आणि हक्क

येथे एक शंका उपस्थित होते. लहान सुखांत रमणारा माणूस अल्पसंतुष्ट होणार नाही काय? ही शंका रास्त आहे. ज्याची मजुरी थकली आहे, त्याला ‘पावसाचा गंध घ्या’ असे सांगणे ही क्रूर थट्टा होय. मजुरी मिळालीच पाहिजे. परंतु दिवसभर विटा वाहणारी एखादी स्त्री संध्याकाळी बसची पाटी प्रथमच स्वतः वाचते, तेव्हा होणारा आनंद तिला गप्प बसवत नाही. उद्या ती मजुरीच्या कागदावरचा आकडाही वाचू पाहते. ओवी गाणाऱ्या स्त्रियांनी सुख आणि गाऱ्हाणे एकाच सुरात गायिले, ते याचसाठी लक्षात ठेवावे.

लेखनासाठी सूचना

‘चहा पिऊन बरे वाटले’ या वाक्यातून वाचकाच्या हाती फारसे काही लागत नाही. ‘थंडीत गरम पेल्याभोवती बोटे गुंडाळली आणि आल्याचा वास नाकात शिरला’, असे लिहिले की तो क्षण वाचकालाही अनुभवता येतो. डोळे, कान, नाक, जीभ व त्वचा यांना काय जाणवले, ते आधी आठवावे, मग लिहावे.

पाठगत प्रश्न

१. पहिल्या पावसानंतर मातीला गंध का येतो?
२. बहिणाबाईंची गाणी कशामुळे टिकून राहिली?
३. ‘लहान आनंद माणसाला अल्पसंतुष्ट करतो’ या मताविषयी तुमचे विचार पाच-सहा वाक्यांत लिहा.

कृती

सात दिवस रोज रात्री, त्या दिवशी आनंद देऊन गेलेली एक लहान गोष्ट वहीत लिहा. लिहिण्याची सवय नसेल, तर ती घरातील कोणाला सांगून लिहवून घ्या. आठव्या दिवशी त्यांतील एक गोष्ट निवडून दहा ओळींचा परिच्छेद तयार करा व तो मोठ्याने वाचून दाखवा.