पोरांचे खेळही कागदपत्रंच

प्रश्न : जपानच्या इतिहासावर आयुष्यभर काम करणारा परदेशी प्राध्यापक नेमकं काय करतो? सगळं इंग्रजीत मिळत असताना त्याला जपानी शिकावंच लागतं का?

उत्तर : शिकावंच लागतं, आणि पहिली कितीतरी वर्षं त्यातच जातात. नेहमीच्या वापरातल्या कांजी चिन्हांची सरकारी यादीच २१३६ चिन्हांची. ती आत्मसात झाली तरी एदो काळातले (१६०३ ते १८६८) हाती लिहिलेले कागद वाचता येत नाहीत. ते कुझुशिजी नावाच्या, कुंचल्यानं न थांबता ओढलेल्या धावत्या वळणात असतात. आजच्या बहुतेक जपानी माणसांनाही ते लागत नाही. अस्खलित मराठी वाचणारा माणूस पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदासमोर अडतो ना, तसंच.

अलीकडच्या काळावर काम करणाऱ्याची या वळणातून बरीचशी सुटका होते, वाचनातून मात्र नाही. अमेरिकी इतिहासकार जॉन डावर यांचंच पाहा. १९५९मध्ये ते पदवीधर झाले आणि हार्वर्डची डॉक्टरेट हाती आली १९७२मध्ये. शोधनिबंधाचा विषय होता युद्धोत्तर काळातले पंतप्रधान शिगेरू योशिदा. त्याचं पुस्तक यायला १९७९ उजाडलं. पुढे विस्कॉन्सिन, सॅन डिएगो आणि एमआयटी इथे अध्यापन.

त्यांचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम म्हणजे १९९९चं ‘एम्ब्रेसिंग डिफीट’. १९४५च्या पराभवानंतर, अमेरिकी अमलाखाली सामान्य जपानी माणूस कसा जगला, हे त्यात आहे. पंतप्रधानाच्या कागदपत्रांत ते कुठून सापडणार? म्हणून डावर यांनी गाणी, व्यंगचित्रं, स्वस्त कागदावरची चटोर मासिकं, लोकांनी या अमलाचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांना लिहिलेली पत्रं असं सगळं वाचलं. पुस्तकाला २००० साली पुलित्झर मिळालं, तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती.

त्यातला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे मुलं भातुकली मांडतात. त्या भुकेल्या वर्षांत जपानी मुलं काळ्या बाजाराचा खेळ मांडत. घरातली मोठी माणसं जे रोज करत होती, तेच. तो खेळ नुसता हळहळून सोडून न देता पुरावा म्हणून वाचायचा, हे या प्राध्यापकाचं काम.