उंच गाडी आणि तिचा तोल

अमेरिकेंतील युटा प्रांतांत मोआब नांवाचें गांव आहे. तेथें 1967 सालीं ईस्टरच्या दिवसांत खडकाळ वाटांवरून जीपगाड्यांची सफर सुरू झाली. अशा वाटेवरील दगड गाडीच्या पोटाला लागूं नयेत म्हणून पिकअप ट्रकचे हौशी मालक गाडी उंच करून घेतात. नवशिक्यानें मात्र आधीं थोडें गणित करावें.

आंस व स्प्रिंग यांमध्यें ठोकळे घातले कीं सांगाडा वर जातो. आंस होता तेथेंच राहतो. तो उचलण्यास चाकच मोठें हवें. 30 इंच व्यासाच्या जागीं 32 इंचांचें चाक बसविल्यास आंस एकच इंच वर येतो. शिवाय वेगमापक 60 दाखवील तेव्हां गाडी 64 च्या वेगानें धांवत असेल!

आतां तोल पाहूं. डाव्या-उजव्या चाकांतील अंतर 60 इंच व गुरुत्वमध्याची उंची 30 इंच असल्यास, आडव्या उतारावर उभी गाडी 45 अंशांना उलटण्याच्या बेतांत येते. गुरुत्वमध्य 4 इंच वर गेला कीं हा कोन सुमारें 41 अंश होतो. चालत्या गाडीस धक्का बसला तर ती याहूनही आधीं कलंडेल.

आपल्या देशांत तर 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानें गाडीच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा फेरफार करतां येत नाहीं.

म्हणून नवशिक्यानें प्रथम आहे त्याच गाडीनें सावकाश हांकण्याचा सराव करावा व अवघड वाट खालीं उतरून पायीं पाहावी. उंची मागाहून वाढवितां येते. तोल आधीं साधला पाहिजे.