घाईचा खिमा, पाण्याचा जमा

खिमा करायचा म्हणतोस, आणि तोही रविवारी, चार मित्रांना जेवायला बोलावून झाल्यावर! शाब्बास रे पठ्ठ्या. आधी आमंत्रण, मग मावशीला फोन; ही तुमच्या घराण्याची रीतच आहे. घाबरू नकोस. पदार्थ सोपा आहे, नडतं ते फक्त त्यातलं पाणी. मसाला थोडा इकडेतिकडे झालेला खिमा लोक मिटक्या मारत खातात, पाणचट खिमा मात्र कुणी दुसऱ्यांदा वाढून घेत नाही. खालचं सगळं अर्धा किलो बोकडाच्या खिम्यासाठी आहे. भाकरी किंवा पाव असेल तर चौघांना पुरतो; तुझे मित्र तुझ्यासारखेच असतील तर पाऊण किलो घे.

१. रविवारी खाटकाकडे सकाळी लवकर पोच — रांग वाढली की त्याला तुझ्याकडे बघायलाही सवड नसते. आखाडात आणि धुळवडीला तर आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.

२. परातीत आधीच काढून ठेवलेला खिमा घेऊ नकोस. तुकडे पसंत कर आणि समोर उभा राहून खिमा करून घे — अख्ख्या मटणाला जंतू वरवर चिकटलेले असतात, खिमा केला की ते आतबाहेर सगळीकडे मिसळतात. म्हणून खिमा मटणाच्या आधी बिघडतो.

३. मांडीचं आणि खांद्याचं मटण निम्मं-निम्मं सांग, वर ५०-६० ग्रॅम चरबी घालायला लाव — नुसत्या मांडीचा खिमा दिसायला देखणा, पण शिजला की कोरडा भुगा होतो. चरबी ऐकून नाक मुरडू नकोस, वरचं तेल तेवढं कमी घाल.

४. पुणे-सोलापूरकडच्या काही घरांत बोलाईचंच, म्हणजे मेंढीचं मटण चालतं. वाडेबोल्हाईच्या देवीला मानणारे बोकड खात नाहीत. मित्रांपैकी कुणी तसा असेल तर आधी विचारून घे — ताटावर बसल्यावर विचारलं की दोघांचीही पंचाईत. मेंढीला चरबी मुळातच जास्त, तिथे वेगळी मागू नकोस.

५. मशीनमधून आलेली पहिली मूठ बाजूला काढायला सांग — मशीनच्या पोटात आधीच्या गिऱ्हाइकाचा खिमा अडकलेला असतो, आणि त्याने काय घेतलं होतं ते तुला ठाऊक नाही. पहिली मूठ मशीनची, दुसरी आपली.

६. खाटीक ओळखीचा असेल आणि रांग नसेल, तर लाकडी ओंडक्यावर सत्तुराने केलेला हातखिमा माग — दाणा मोठा राहतो, दाताखाली मटण आहे हे कळतं. मात्र घरी आल्यावर बोटांनी चाचपून घे, हाडाची कपची हमखास सापडते.

७. धुवायचे ते तुकडे, खिमा करण्याआधी; झालेला खिमा नळाखाली धरू नकोस — तो पाणी शोषून बसतो, रस वाहून जातो आणि कच्च्या मटणाचे शिंतोडे ओटाभर उडतात. तुझ्या आईला हे पटणार नाही. तिच्याशी वाद घालू नकोस. फार आग्रह केला तर बारीक चाळणीत एकदा धुऊन अर्धा तास निथळत ठेव.

८. वाटेत पानवाल्याशी गप्पा नकोत, थेट घरी ये आणि खिमा फ्रीजमध्ये टाक — खोलीतल्या हवेवर दोन तास ही शेवटची मुदत, वैशाख असेल तर एकच. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक दिवस, फार तर दोन.

९. कांदा, कोथिंबीर, कोशिंबिरीची काकडी हे सगळं आधी चिरून झाकून ठेव, मगच खिम्याची पिशवी उघड — कच्च्या खिम्याचा हात आणि तीच सुरी कोशिंबिरीला लागली, तर सोमवारी सगळे मित्र ऑफिसला दांडी मारतील आणि नाव तुझं होईल.

इथवर बाजार आणि ओटा झाला. आता गॅस पेटव. जाड बुडाची, पसरट कढई काढ. ते पातळ नॉनस्टिकचं भांडं अंड्यासाठी ठेव.

१०. तीन मध्यम कांदे बारीक, एकसारखे चिर — जाडा-बारीक चिरलास तर बारीक करपतो तोवर जाडा कच्चाच असतो. कांदा चिरताना रडवतो, कच्चा राहिला तर जेवताना.

११. चार मोठे चमचे तेल, त्यात तमालपत्र, दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, एक मसाला वेलची — याहून जास्त खडा मसाला घातलास तर जेवणाऱ्याचं अर्धं लक्ष तो वेचण्यात जातं.

१२. कांदा चांगला तांबूस होईपर्यंत परत. बारा-पंधरा मिनिटं लागतात, लागू देत — खिम्याला रंग आणि गोडवा कांद्याकडून मिळतो. याच वेळी फोन वाजेल. उचलू नकोस, माझा असला तरी.

१३. दीड मोठा चमचा आलं-लसणाचं वाटण घातल्यावर कच्चा वास जाईपर्यंत दोन मिनिटं हलव — राहिलेला कच्चा लसूण नंतर कितीही शिजवला तरी वर येतोच.

१४. खिमा कढईत टाकण्याआधी हाताने मोकळा कर, टाकल्यावर लाकडी चमच्याने दाबत फोडत राहा — आच लागली की मांस आवळतं, आणि एकदा बसलेली गुठळी मग फुटत नाही. पहिली चार मिनिटं कढई सोडायची नाही. लघवीला जायचं तर आधी जाऊन ये.

१५. आता खरी परीक्षा. खिमा पाणी सोडेल, भरपूर सोडेल. आच मोठी ठेव, झाकण ठेवू नकोस आणि ते पाणी पूर्ण आटू दे — पाणी आहे तोवर कढई १०० अंशांच्या वर जात नाही आणि खिमा नुसता उकडतो. पाणी संपून तेलाचा चुरचुर आवाज यायला लागला की मगच तो भाजायला लागतो, आणि मटणाचा उग्र वास तेव्हाच जातो. करड्या रंगाला फसू नकोस, तांबूस झाला पाहिजे. बहुतेकांचा खिमा बिघडतो तो इथे. मसाला महागाचा आणतात आणि ही दहा मिनिटं मात्र वाचवतात.

१६. मीठ पाणी आटल्यानंतर घाल — कच्च्या खिम्याला आधीच मीठ चोळून ठेवलं की त्यातलं मांस चिकट होतं आणि शिजल्यावर रबरासारखं लागतं. कबाब किंवा कोफ्ते करायचे असतील तेव्हा हेच हवं असतं, म्हणून तिथे मीठ आधी घालून मळतात. मोकळा खिमा आणि गोळ्यांचा खिमा यांचं शास्त्र उलटं आहे, एवढं लक्षात ठेव.

१७. हळद अर्धा चमचा, धणे-जिरेपूड दीड चमचा, आणि तिखटाला तुझ्या घरचा जो असेल तो मसाला: कोल्हापूरचा कांदा-लसूण, मालवणी, नाहीतर मराठवाड्याकडचा येसूर. यातला एकच घाल — तीन डब्यांतला एकेक चमचा घातलास तर एकाचीही चव लागत नाही.

१८. कांदा-लसूण मसाल्यात बहुतेक वेळा मीठ असतं. तो घालणार असशील तर मीठ आधी निम्मंच टाक — खारट खिम्यात बटाटा टाकून बघशील, पण बटाटा काही सगळं मीठ पिऊन टाकत नाही. मसाला मागून आणावा, मीठ चाखून घालावं.

१९. टोमॅटो दोन, बारीक चिरून, मसाल्यानंतर. त्यांना कडेने तेल सुटेपर्यंत परत — कच्च्या टोमॅटोचा आंबटपणा खिम्यावर तरंगत राहतो. दही घालायचं असेल तर टोमॅटो एकच घे, दही फेटून, आच मंद करून, एकेक चमचा घाल — मोठ्या आचेवर ते फाटतं.

२०. शिजवताना कढईवर खोलगट ताटली झाकून तिच्यात पाणी ठेव, आणि खिम्याला पाणी लागलं तर तेच गरम पाणी घाल — थंड पाण्याने चढलेली आच उतरते आणि रस्सा वेगळा, खिमा वेगळा होतो. आपल्याकडच्या बायकांनी ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे आणि बाजारातल्या कुठल्याही महागड्या भांड्यापेक्षा ती स्वस्त आहे.

२१. मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं दे. कुकर लावलास तर अर्ध्या वाटीपेक्षा जास्त पाणी नको आणि दोन-तीन शिट्ट्या पुरे — खिमा स्वतःही पाणी सोडतो, हे कुकरवाले नेहमी विसरतात. झाकण उघडल्यावर पुन्हा आटवावा लागतोच, मग वाचलं काय? माझं मत विचारशील तर खिम्याला कढई, कुकर बिर्याणीच्या मटणाला.

२२. मटार शेवटच्या दहा मिनिटांत, फ्रीजरमधले असतील तर पाच — आधी घातलेले मटार सुरकुततात आणि त्यांचा हिरवा रंग जातो. मेथी घालणार असशील तर पानं बारीक चिरून, तेलात वेगळी परतून; देठ नकोत.

२३. सुक्या खोबऱ्याचं वाटण हवं असेल तर खोबरं मंद आचेवर बदामी भाज आणि दोन मोठे चमचेच घाल — करपलेल्या खोबऱ्याचा कडूपणा कशानेच झाकत नाही, आणि वाटण जास्त झालं की ती मटणाची आमटी होते.

२४. गॅस बंद केल्यावर गरम मसाला चिमूटभर, कोथिंबीर मूठभर, आणि पंधरा मिनिटं झाकून ठेव — तेवढ्यात मसाला मुरतो आणि तवंग वर येतो. लिंबू ताटात पिळायचं, कढईत नाही.

२५. पाव आणायचे तर त्याच सकाळचे. ब्रून पाव मिळाला तर नशीब — त्याची कडक कड खिम्याचा रस पिते तरी लगदा होत नाही. कुलाब्याच्या ऑलिम्पियात नाहीतर पुण्यात डेक्कनच्या गुडलकमध्ये खिमा पाव खाल्ला असशील. तिथल्या चवीची बरोबरी पहिल्याच रविवारी करायला जाऊ नकोस, त्यांची कढई दिवसभर उतरत नाही.

पॅटिस किंवा कानवल्यांचं सारण करायचं असेल तर नियम थोडे बदलतात. कायस्थांच्या घरात खिम्याचे कानवले खाल्लेस तर कळेल, सारण किती कोरडं असतं ते.

२६. सारणात टोमॅटो नाही, बटाटा नाही, कडेला थेंबभरही पाणी नाही, आणि भरण्याआधी पूर्ण गार — गरम सारणाची वाफ पारीला आतून भिजवते आणि कानवला तेलात फुटतो.

२७. कच्च्या खिम्याचे कबाब करताना मीठ बघायला कच्चं चाटू नकोस. सुपारीएवढा गोळा तव्यावर भाजून चाख — खिमा आतपर्यंत ७१ अंश तापला की जंतू मरतात, त्याआधी नाही. कबाब फोडून बघ; आत गुलाबी दिसला तर पुन्हा तव्यावर.

आता उरलेल्याचं. चांगला झाला तर उरणार नाही, पण तुझ्या पहिल्या खेपेला धरून चालू या.

२८. उरलेला खिमा कढईतच ठेवून झोपू नकोस. पसरट डब्यात काढ, वाफ गेली की फ्रीजमध्ये — खोल पातेल्यात मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, आणि बिघाड सुरू होतो तो तिथेच. फ्रीजमध्ये तीन दिवस चांगला टिकतो.

२९. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातला वाटीभर तव्यावर गरम कर, दोन अंडी फोड आणि घोटत राहा. हाच तो खिमा घोटाळा — अंडं खिम्याचा उरलासुरला ओलावा धरून ठेवतं. त्यात वेगळं मीठ घालू नकोस, रात्रभरात मीठ पुढे आलेलं असतं.

३०. कच्चा खिमा जास्त आणला असशील तर त्याच दिवशी पाव-पाव किलोच्या चपट्या पिशव्या करून फ्रीजरमध्ये ठेव आणि पिशवीवर तारीख लिही — चपटी पिशवी लवकर गोठते, लवकर सुटते. सोडवायची ती रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, ओट्यावर नाही. आणि एकदा सुटलेला खिमा पुन्हा गोठवायचा नाही, त्याच दिवशी शिजवून टाकायचा. तीन-चार महिन्यांच्या आत संपव.