कोंड्याचा मांडा

‘कोंड्याचा मांडा करणे’ असा एक वाक्प्रचार मराठीत आहे. गव्हाचे पीठ वस्त्रगाळ करावे, कणीक भरपूर तिंबावी, तिची पोळी हातांवर वाढवीत न्यावी आणि पालथ्या खापरावर भाजावी, तेव्हा कोठे मांडा तयार होतो. कोंडा म्हणजे धान्य कांडताना व चाळताना मागे राहणारे टरफल. कोंड्यापासून मांडा होत नाही, हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही घरात जे थोडे आणि साधे असेल, त्यातूनच सर्वांस तृप्त करणारे अन्न सिद्ध करणाऱ्या सुगरणीचा गौरव या शब्दांनी केला जातो.

या गौरवामागे अनुभव आहे. महाराष्ट्राचा मोठा भाग अवर्षणाचा आहे. १९७२ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत होती. रेशनच्या दुकानांत परदेशातून आलेला तांबडा मिलो मिळे, तर कामांवर सुकडी वाटली जाई. ज्यांनी ते दिवस पाहिले, त्यांतील अनेकांना पुढे सुबत्ता लाभली. परंतु ताटात शीत टाकून उठणे त्यांना कधी जमले नाही. धान्याचा दाणा किती कष्टाने घरात येतो, हे त्यांनी पाहिले होते.

मात्र काटकसर केवळ कष्टांच्या स्मरणाने साधत नाही. तिला ज्ञान लागते. रात्री उरलेल्या भाताचेच उदाहरण घेऊ. ताजा, गरम भात फोडणीस टाकला, तर त्याचा गोळा होतो. तोच भात थंड झाल्यावर त्यातील पिष्टमय द्रव्य घट्ट होते आणि शिते मोकळी होतात. म्हणून मोहरी, हिंग, हळद, मिरची व कढीलिंब यांची फोडणी दिलेला भात आदल्या दिवशीचा असला, तरच चांगला होतो. शिळी पोळी वातड होते; परंतु ती कुस्करून कांद्याच्या फोडणीत परतली की तिचा रुचकर कुस्करा होतो, आणि गूळ व तूप घालून वळली की लाडू होतो. शिळी भाकरी ताकात कालविली की तिचा कठीणपणा जातो. उरलेले घट्ट वरण कणकेत मिसळले की मऊ थालीपीठ लागते. प्रत्येक पदार्थात रात्रीतून कोणता बदल होतो हे सुगरण ओळखते, आणि त्या बदलाचाच उपयोग करून घेते.

हीच दृष्टी आपल्या सणांच्या स्वयंपाकातही दिसते. पुरणासाठी हरभऱ्याची डाळ शिजविली की तिचे पाणी उरते. या पाण्यास ‘कट’ म्हणतात. त्यात चिंच, गूळ, गोडा मसाला आणि थोडे पुरण घातले की कटाची आमटी होते. जे पाणी मोरीत जावयाचे, ते पुरणपोळीच्या शेजारी मानाने बसते. दोडका सोलताना निघालेल्या शिरा आणि दुध्याच्या साली तिळांबरोबर परतून चटणी करतात. मुळ्याचा पाला भाजीत जातो, तर कोथिंबिरीच्या कोवळ्या काड्या वाटणात जातात. कोकणात तर एका कोकमाच्या फळाचे किती उपयोग होतात! साल वाळवून आमसुले करतात, रसाचे आगळ करतात आणि बियांपासून तेल काढतात. हे तेल थंडीत भेगाळलेल्या टाचांना लावतात. फणसाचे गरे संपले तरी आठळ्या राहतात, आणि पावसाळ्यात भाजीची चणचण भासली की त्या उपयोगी पडतात.

असे असले तरी, उरलेल्याचे उत्तम रूपांतर करण्यापेक्षा उरू न देणे केव्हाही श्रेष्ठ होय. एक वाटी तांदळाचा भात शिजून सुमारे तिप्पट होतो. जेवणारी माणसे किती, त्यांची भूक केवढी, बाहेरून कोणी खाऊन येणार आहे काय, एवढे विचारून जो तांदूळ मोजतो, त्याची अर्धी काटकसर चूल पेटण्यापूर्वीच झालेली असते. वाढणाऱ्याने आग्रह आवरावा आणि जेवणाऱ्याने लागेल तेवढेच मागून घ्यावे. पंक्तीत आग्रहाने वाढलेली आणि शेवटी उष्ट्यात गेलेली जिलबी कोणाच्याही औदार्याची खूण नव्हे.

काटकसरीला मर्यादाही आहे, आणि ती न ओळखणे धोक्याचे आहे. कच्च्या तांदळात काही सूक्ष्म जंतूंची बीजे असतात, ती शिजविल्यानेही मरत नाहीत. भात उबदार हवेत तासन्‌तास राहिला, तर हे जंतू वाढतात व विष निर्माण करतात. ते विष पुन्हा गरम केल्यानेही नाहीसे होत नाही. म्हणून उरलेले अन्न दोन तासांच्या आत निववून, झाकून शीतकपाटात ठेवावे, आणि खाताना वाफ येईपर्यंत एकदाच गरम करावे. ज्या घरी शीतकपाट नाही, तेथे मोजून शिजविणे हाच खरा उपाय. बुरशी आलेल्या भाकरीचा बुरसटलेला भाग काढून उरलेली खाणे हेही चूक, कारण बुरशीचे तंतू डोळ्यांस न दिसता आत पसरलेले असतात. लग्नकार्यात उरलेल्या भाताचा ढीग गाईपुढे टाकण्यातही पुण्य नाही. एकदम पोटात गेलेल्या शिजल्या धान्याने तिच्या पोटात आम्ल वाढते आणि ती दगावूही शकते. जे खाण्याजोगे उरले नाही, त्याचे खत करावे. दोन पैसे वाचविण्यासाठी घरात आजार आणणारा मनुष्य काटकसरी नव्हे, अविचारी होय.

आणखी एका गोष्टीचा विचार अवश्य केला पाहिजे. पूर्वी अनेक घरांत गृहिणी सर्वांच्या मागून जेवावयास बसे. ताजी, गरम पोळी इतरांच्या पानांत पडे, आणि सकाळचे उरलेसुरले तिच्या वाट्यास येई. भाजी संपली असेल, तर ती चटणीशी भाकरी खाई, आणि त्याविषयी कोणी विचारीतही नसे. तिच्या या सोसण्यास लोक काटकसर म्हणत. वास्तविक तो अन्याय होता, आणि जेथे तो आजही चालतो, तेथे आजही तो अन्यायच आहे. ज्या घरात शिळ्या पोळीचा कुस्करा सर्वांच्या पानांत सारखा वाढला जातो, मुलगा आणि मुलगी दोघेही तांदूळ मोजावयास व फोडणी द्यावयास शिकतात, त्या घरातील काटकसर निर्मळ म्हणावी. एकाच्या उपाशीपोटी साधलेली बचत ही बचतच नव्हे.

घरातील हे लहानसे प्रश्न जगाच्या हिशेबात फार मोठे होतात. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाचा अंदाज असा की, २०२२ या एका वर्षात जगात, साली व देठ धरून, सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातील सुमारे ६० टक्के घराघरांतून टाकले गेले होते. त्याच काळात जगातील ७० कोटींहून अधिक माणसे भुकेलेली होती. एका घरी वाचलेला भात दुसऱ्या गावच्या भुकेल्याच्या पानात आपोआप जाऊन पडत नाही, हे खरे. परंतु टाकलेल्या प्रत्येक घासाबरोबर शेतकऱ्याचे श्रम, विहिरीचे पाणी, जमिनीचा कस आणि चुलीचे सरपणही टाकले जाते.

कवडीचुंबक मनुष्य स्वतः खात नाही व दुसऱ्यासही देत नाही. काटकसरी मनुष्य मात्र वाया जाऊ देत नाही, म्हणूनच अवचित आलेल्या पाहुण्यास त्याच्या घरी दोन घास निश्चित मिळतात. कोंड्याचा मांडा होतो, तो असा.

स्वाध्याय

१. ताज्या भातापेक्षा शिळा भात फोडणीस अधिक चांगला का?
२. ‘एकाच्या उपाशीपोटी साधलेली बचत ही बचतच नव्हे’ या वाक्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगा.
३. काटकसर आणि कवडीचुंबकपणा यांतील फरक उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
४. आपल्या घरी आठवडाभरात कोणते अन्न उरले व त्याचे काय झाले, याची नोंद करा. ते उरू नये म्हणून काय करता आले असते, ते घरातील सर्वांशी बोलून लिहा.