टुकार गाण्यांच्या संगतीत

पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत मी गाणी मिक्स करतो. गणपती, हळद, जत्रा, भाऊंचा वाढदिवस; भाडं निघतं ते असल्याच कामांतून. 'इतकं टुकार गाणं चालतं तरी कसं?' असं कुणी ना कुणी विचारतंच. माझ्यापुरती उत्तरं अशी :

१. हे गाणं ऐकायला नसतंच, वापरायला असतं. संजय लोंढे यांचं 'शांताबाई' २०१५ मध्ये गल्लोगल्ली वाजलं, तेव्हा डोळे मिटून कोण ऐकत बसलं होतं? लोकांना वरातीत नाचायचं होतं. २०१७ मधलं 'सोनू' तर इतकं रिकामं, की ज्यानं त्यानं आपलं काय ते त्यात भरावं. आरजे मलिष्कानं त्यात मुंबईचे खड्डे भरले, महापालिकेच्या आधी! शब्द-सूर भरगच्च असलेल्या गाण्यात पाहुण्याला बसायला जागाच उरत नाही.

२. मिक्स झाला की मी मोठे स्पीकर बंद करून तो मोबाईलवर वाजवतो, फोन टेबलावर पालथा ठेवून. त्या इवल्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही. डग्गा गायब, हलगीचा कडकडाट तेवढा शाबूत. मग बेसला मुद्दाम थोडी खरखर द्यायची, म्हणजे त्याचे वरचे स्वर तरी ऐकू येतात. गायकाचा आवाज दाबून दाबून असा सपाट करायचा, की कुजबुज आणि आरोळी एकाच उंचीवर यावी. यात नजाकत मरते, हे मला कळतं. पण भर रस्त्यात रिक्षावाल्याच्या फोनवर जे ऐकू येत नाही, ते त्याच्यापुरतं गाण्यात नसतंच.

३. स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय गाणं मोजलं जात नाही. म्हणून आलाप गेला, सुरुवातीचे वाद्यांचे तुकडे गेले. हुकलाइन दारातच उभी.

४. शिव्या घालायला आलेला माणूसही व्ह्यू देऊनच जातो. अमेरिकेत रिबेका ब्लॅक या मुलीचं 'फ्रायडे' २०११ मध्ये नावं ठेवण्यासाठीच जगभर पाहिलं गेलं, आणि बिलबोर्डच्या हॉट १०० यादीतही पोचलं. एका कोवळ्या पोरीवर सगळे तुटून पडले, ते मला त्या गाण्यापेक्षा वाईट वाटलं.

५. पण टुकारपणा हे यशाचं कारण नव्हे. सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी २००६ मध्ये एक प्रयोग छापला. ४८ अनोळखी गाणी, १४ हजारांवर श्रोते. काहींना फक्त गाणी दिली; बाकीच्यांचे आठ गट केले आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती डाउनलोड झालं ते त्यांना दाखवलं. गाणी तीच, पण गटागणिक त्यांचा क्रम वेगळा! उत्तम गाणी सहसा आपटली नाहीत, अगदी भिकार सहसा वर आली नाहीत. मधल्यांचं मात्र काहीही होऊ शकत होतं. गर्दी दिसली की गर्दी वाढते. आमच्याकडे येणारी बहुतेक गाणी या मधल्याच रांगेतली. त्यातलं एखादं उसळतं, तेच तुम्हाला दिसतं. बाकीची माझ्या हार्ड डिस्कवर धूळ खात पडलेली असतात, आणि त्यांतली कितीतरी त्या हिटपेक्षा वाईट असतात.

६. म्हणूनच 'दादा, व्हायरल होईल असं करून द्या' म्हणत येणाऱ्याकडून मी निम्मे पैसे आगाऊ घेतो. उरलेले फाइल देताना. व्ह्यूंमधला वाटा देऊ केला, तर तो त्यांचा त्यांना लखलाभ.